दगडातला क्रोशा

क्रोशाच्या सुईत बघण्यासारखं असतं ते तिचं टोक. इवलासा आकडा, त्यात दोरा अडकतो आणि मग रुमालाची किनार वाढत जाते. फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे छोटा आकडाच. मूळ शब्द ‘क्रोक’, त्याला लघुत्वाचा प्रत्यय. उत्तर फ्रान्सच्या बोलीतलं त्याचंच भावंड इंग्लंडात गेलं आणि ‘क्रॉकेट’ झालं. युरोपात मध्ययुगात रुजलेल्या गॉथिक शैलीतल्या चर्चच्या शिखरांच्या, छोट्या मनोऱ्यांच्या, दारावरच्या त्रिकोणाच्या तिरप्या कडांवर ठरावीक अंतराने बाहेर डोकावणारी दगडी पानं असतात, ती क्रॉकेटं. नक्षी पानाफुलांची, नाव मात्र आकड्याचं. मध्ययुगीन इंग्रजीत केसांच्या वळवलेल्या बटांनाही हाच शब्द होता.

जर्मन माणसाला त्यात आकडा दिसला नाही. तो त्याला ‘क्राबं’ म्हणतो, म्हणजे खेकडा. कडेला धरून वर सरपटत निघालेले खेकडे. एकदा हे ऐकलं की कोलोनच्या कॅथेड्रलकडे सरळ नजरेने बघता येत नाही.

आकडा हे नाव पटतं ते सुरुवातीच्या क्रॉकेटांना. बाराव्या शतकाच्या शेवटी ती घट्ट गुंडाळलेल्या कळीसारखी होती. पावसाळ्यात नेच्याचा कोवळा कोंब उलगडण्याआधी दिसतो, तशी. इंग्लंडमधल्या लिंकन कॅथेड्रलच्या 1192 नंतर बांधलेल्या भागात तर ती खांबांच्या मध्ये उभ्या रांगेत बसवली आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस पाथरवटांना खऱ्या पानांचा नाद लागला. इंग्लंडातल्याच साउथवेलच्या चर्चच्या सभागृहात ओक, द्राक्ष, मेपल सहज ओळखू येतात. पंधराव्या शतकात पानं इतकी सुरकुतली आणि फुगली, की फ्रेंचांनी त्यांना सरळ कुरळ्या कोबीचं नाव दिलं. खरं सांगायचं तर त्यात आकड्याची ऐट राहिली नाही.

क्रॉकेट शक्यतो वरून चिकटवत नाहीत, कडेच्याच दगडातून काढतात. त्यामुळे चिऱ्यावर आधीच एक गोळा शिल्लक ठेवावा लागतो. जस्ताच्या पत्र्याचा फर्मा लावून बाजूची रेघ आखायची, मग पोट कोरायचं, मग देठ, आणि वळलेलं टोक सर्वांत शेवटी, कारण टाकीचा एक घाव चुकला तर तेच उडतं आणि अख्खा चिरा वाया जातो. चिऱ्यांचे सांधे दोन क्रॉकेटांच्या मध्ये पडतील असं मोजमाप आधीच ठरवतात. पानाच्या शिरा फार बारीक काढण्यात अर्थ नाही. खालून आभाळावर दिसते ती फक्त कड.

बिघडतं तेही तिथेच. वळणाच्या खोबणीत पाणी साचतं, थंड देशांत ते गोठून फुगतं. चुनखडकाचा थर उभा बसला असेल तर पापुद्रे सुटतात. पावसाचं पाणी पोचत नाही त्या पोटाच्या बाजूला शहरी धुराची काळी खपली धरते आणि ती पडताना खालचा दगडही घेऊन जाते. जुन्या दुरुस्तीत लोखंडी सळई वापरली असली तर गंज फुगून पान आतूनच फोडतो. म्हणून आता स्टेनलेस स्टीलची सळई घालतात. मुंबईच्या गॉथिक इमारतींवरचं पोरबंदरी दगडातलं कोरीवकाम गोठण्यापासून वाचलं, पण समुद्राच्या खाऱ्या हवेपासून नाही. मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक धरतं आणि पृष्ठभाग पिठासारखा झडतो.

या सगळ्यात सर्वांत आधी जातं ते बाहेर आलेलं टोक. म्हणजे ज्यावरून नाव पडलं तो आकडाच गळतो आणि कडेवर उरतात ती नुसती खुंटं. त्यांना खेकडासुद्धा म्हणता येत नाही.