चावणं, डोकं आपटणं, पळून जाणं: कारण शोधताना आलेला अनुभव

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो अगदी मोजकं. आम्ही नेरूळला राहतो. मागच्या पावसाळ्यात त्याचं चावणं आणि भिंतीवर डोकं आपटणं इतकं वाढलं की माझ्या दंडावर कायम काळेनिळे डाग, आणि नातेवाईकांचं एकच, हट्टी झालाय, दोन ठेवून द्या. ज्याला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही त्या पोराला मारून काय होणार हो!

सायकियाट्रिस्टनी औषध लिहायच्या आधी विचारलं, दात, कान, पोट बघितलंय का, झोप कशी आहे. हे मला फार पटलं. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली तीसुद्धा ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी, ऑटिझम बरा करायला नाही, आणि त्याने भूक, वजन वाढतं, शुगर तपासत राहावी लागते. गरज असेल तर द्यावंच, पण दुखण्यावर ते औषध नाही.

मग स्पेशल एज्युकेटर मॅडमनी वही घालायला लावली. तीन रकाने, आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. मी नि सासूबाई दोघी लिहायचो, सासूबाई तर घड्याळ बघून. त्यातली एक नोंद अशी: "संध्याकाळी ७.१०, पोळीचा पहिला घास, ताट फेकलं, डावा गाल दाबून धरला, आईला चावला. मऊ भात दिला, खाल्ला." अशा नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा दिसलं की भाताच्या दिवशी जेवताना जवळपास काहीच होत नाही. डाव्या बाजूची दाढ किडून आत पू झाला होता. तो तोंड उघडेना म्हणून एका क्लिनिकने तर हातच लावला नाही, शेवटी लहान मुलांच्या डेंटिस्टनी हॉस्पिटलात भूल देऊन काम केलं. शिवाय बद्धकोष्ठ निघालं, त्याचं औषध मुलांच्या डॉक्टरांनी दिलं. पुढच्या काही आठवड्यांत चावणं खूप कमी झालं. आता 'दुखतंय' आणि 'नको, थांब' अशी दोन चित्रांची कार्डं त्याच्या कमरेला असतात, शाळेतसुद्धा.

पळणं मात्र राहिलं, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते. दार उघडं दिसलं की जिना उतरून थेट ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकडे, मध्ये रस्ता आहे याचं भान नाही. वहीत तेही स्पष्ट दिसलं, त्याला पाणी हवं असतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि हरवलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावली, दार उघडलं की वाजणारा अलार्म बसवला, वॉचमनकाकांकडे फोटो आणि आमचे नंबर दिले, शर्टाच्या आत नाव-नंबर शिवला. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी हात धरून त्याला तलावावर नेतो, त्यामुळे मधल्या वेळचं पळणं कमी झालंय, पोहण्याचा क्लास पण सुरू केलाय पण त्याच्या भरवशावर आम्ही कडी काढणार नाही. तुमचं मूल असं पळत असेल आणि कधी दिसेनासं झालं तर आधी जवळचं पाणी बघा, तलाव, टाकी, स्विमिंग पूल, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी पोलिसांना ११२ वर फोन करायला सांगा.