एल्ब्रुस: पास्तुखोव्ह खडकांपर्यंत झालं

एल्ब्रुस म्हणजे रशियातल्या कॉकेशस पर्वतरांगेतला दोन शिखरांचा डोंगर. आज त्याच्या उतारावरच्या गराबाशीहून, म्हणजे केबल कारच्या वरच्या स्थानकावरून निघून पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, म्हणजे साधारण ४,७०० मीटरपर्यंत जाऊन खाली आलो. डोकं जड आहे, दुखत मात्र नाही. जेवण जातंय. झोप तुटक.

क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे धातूचे काटे) लावून चालणं आता अंगवळणी पडलंय. आइस अॅक्सने घसरण रोखायचा सरावही पुन्हा केला; डोकं खाली आणि पाठ उताराला असताना वळणं अजून जमून येत नाही. खडकांच्या वरच्या उतारावर कडक बर्फ आहे, तिथे हेच लागणार.

पायथ्याच्या अझाऊहून केबल कार थेट ३,८४७ मीटरवर सोडते. सोय उत्तम, पण शरीराला तेवढ्यात विरळ हवेची सवय झालेली नसते. म्हणून आधी खालच्या डोंगरांवर दिवस घालवले, ते सार्थकी लागले. आतकरवाडीतून पाठीवर वजन घेऊन केलेला सिंहगड पायांना उपयोगी पडला, फुप्फुसांना फारसा नाही. तो जेमतेम सहाशे मीटर चढ. इथे शिखराच्या दिवशी त्याच्या तिप्पट, आणि माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर.

वेळेचं गणित मात्र मी १८२९ सालाकडून घेतोय. त्या जुलैत रशियन जनरल इमॅन्युएलची मोहीम उत्तरेकडून आली होती. सोबत पीटर्सबर्गच्या अकादमीचे शास्त्रज्ञ, त्यांत एमिल लेन्झ. हो, बारावीच्या फिजिक्समधला ‘लेन्झचा नियम’वाला तोच! नियम पाच वर्षांनंतरचा. शास्त्रज्ञांमध्ये सर्वांत वर तोच पोचला, पण ऊन चढलं, बर्फ मऊ झाला, पाय रुतू लागले आणि त्याला परतावं लागलं. स्थानिक वाटाड्या किलार खाशिरोव्ह मात्र पहाटेच्या गोठलेल्या बर्फावरून पुढे गेला होता. २२ जुलैला तो पूर्व शिखरावर पोचला. जनरलसाहेबांनी ते खालच्या तळावरून दुर्बिणीतून पाहिलं. माझ्या मते या डोंगराचा सगळा धडा या एका दिवसात आहे.

पश्चिम शिखर, जे खरं सर्वोच्च (५,६४२ मीटर), १८७४ साली ग्रोव्ह, गार्डनर, वॉकर आणि स्विस वाटाड्या क्नुबेल यांनी गाठलं. आज जिथे टेकलो ते खडक ज्याच्या नावाचे, तो पास्तुखोव्ह रशियन लष्करातला नकाशे काढणारा. १८९० मध्ये तो कोसॅक सैनिकांना घेऊन वर गेला होता. वाटेत ‘प्रियुत ११’ची जागा लागते. ती प्रसिद्ध धर्मशाळा १९९८ मध्ये जळाली.

रॅट्रॅकने (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने) खडकांपर्यंत जायचं की पायी, यावर आमच्यात दोन तट पडलेत. मी पायीवाला. पण ढग आले की वाट सुटते, आणि वाटेबाहेर हिमनदीच्या भेगा आहेत. त्यामुळे हवामानाचा अंदाज बिघडला तर रॅट्रॅकला मी नाही म्हणणार नाही.

उद्या विश्रांती. परवा रात्री एकला निघायचं, दोन्ही शिखरांमधल्या खिंडीत वारा पाहून पुढचं ठरवायचं, आणि दुपारी बाराला जिथे असू तिथून परत. किलारचं पूर्व शिखर फक्त २१ मीटरने कमी, त्यामुळे दोन्ही करायचा मोह होतोय, पण या खेपेला पश्चिमच.