लोअर आर्म घरीच बदलताना
पावसाळा संपता संपता आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून प्रत्येक खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येऊ लागला आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढले जाऊ लागले. चाक काढून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, पहारीने हलवून पाहिला, तेव्हा मागच्या बुशाचे (आर्म सांगाड्याला जिथे जोडतो तिथल्या रबरी सांध्याचे) रबर लोखंडी नळीपासून सुटून चिरलेले स्पष्ट दिसले. नुसता बुश बसवायला प्रेस लागते, म्हणून बुश आणि बॉल जॉइंटसह (चाकाकडच्या टोकाच्या फिरत्या गोल सांध्यासह) मिळणारे तयार आर्म आणले आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, हे मी कळकळीने सांगतो. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून वजन पक्क्या स्टँडवर घेतल्यावरच मी कामाला हात घातला. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल मारून ठेवले होते, तरी एकाने तासभर दाद दिली नाही.

चाक लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट मात्र पूर्ण आवळू नयेत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असल्यामुळे, तसे आवळल्यास गाडी खाली उतरताच त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून आर्मखाली जॅक लावून, सस्पेन्शनवर वजन आल्यानंतरच मी टॉर्क पान्याने (ठरावीक जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) बोल्ट शेवटचे आवळले. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतली.