६० च्या जागी १२०

"काका, गाडीचा कॉम्प्युटर ठीक आहे तुमचा. वायरचा जोडच खराब झालाय."

रत्नागिरीतल्या त्या मेकॅनिक पोराने आधी बॅटरी सोडवली, मग स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासायचं सॉकेट) ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मल्टिमीटर लावला. रोध ६० ओहम यायला हवा होता, आला १२०. कॅन बस म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो; दोन्ही समांतर लागले की ६० दिसतात, एकच लागला तर १२०. म्हणजे एक टोक लागतच नव्हतं.

एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. आपला खारा वारा, दुसरं काय! साफ करून पुन्हा मोजलं. ६०. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे विझले.

गेल्या आठवड्यात दुसरीकडे नुसता स्कॅनर लावून थेट ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच, बदला म्हणाले होते. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात. राहून राहून वाटतंय, ती पाच मिनिटं तेव्हा कुणी का दिली नाहीत?