गच्चीवरचा इझाकाया: ताट न वाढता आठ जणांची बैठक

कोल्हापुरात मटणाचं ताट भरूनच समोर येतं. सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा-लिंबू, सगळं एकदम. जपानी इझाकायात याच्या उलट चालतं. ‘इ’ म्हणजे बसणं आणि ‘साकाया’ म्हणजे साके, म्हणजे तांदळाचं जपानी मद्य, विकणारं दुकान. आधी पेय मागवायचं, मग खाणं बशी-बशीने, तयार होईल तसं येतं आणि प्रत्येक बशी सगळ्यांच्या मधोमध ठेवतात. त्यामुळे घरी असा बेत करताना पदार्थांआधी क्रम ठरवा. सगळं दुपारीच करून डब्यात झाकून ठेवलं, तर कोंबडी वाफेने ओलसर आणि चिवट होते.

इझाकायात बसल्याबसल्या ‘ओतोशी’ नावाची छोटी बशी न मागताच येते. तिचे पैसे बिलात लागतात. घरी त्या जागी कोबी ठेवा. पाव किलो कोबी हाताने फाडायचा, त्यात अर्धा चमचा मीठ आणि भाजून भरडलेले दोन चमचे तीळ. मूळ कृतीतलं जपानी तिळतेल भाजलेल्या तिळाचं असतं. आपलं घाण्याचं तेल बहुधा कच्च्या तिळाचं, त्याला तो वास येत नाही, म्हणून तीळच खमंग भाजा.

एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. सोयाबीन तर शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात हवं तेवढं आहे! दाणे भरलेले पण शेंग अजून हिरवी, असे थोडेच दिवस मिळतात, साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. शेतकऱ्याला शेवटची फवारणी कधी झाली हे आधी विचारा. नुकतीच झाली असेल तर त्या शेंगा घेऊ नका. अर्धा किलो शेंगांची टोकं कात्रीने कापा, म्हणजे मीठ आत शिरतं. मूठभर मिठाने चोळून उकळत्या पाण्यात टाका. तेलबियांच्या वाणांचे दाणे जपानी भाजीच्या वाणांपेक्षा बारीक आणि कमी गोड असतात, त्यामुळे सात-आठ मिनिटं द्या. कच्चे राहिले तर पचत नाहीत. निथळल्यावर गार पाण्यात बुडवू नका, मीठ धुऊन जातं, पंख्याखाली पसरा. हंगाम नसेल तर ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडा. जपानच्या चिबा भागातही त्या आवडीने खातात.

बैठकीचा जीव मात्र याकितोरीत, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीत आहे. आठ जणांना एक किलो बिनहाडाचं मांडीचं मांस पुरतं, प्रत्येकी तीन काड्या. छातीचं मांस घेऊ नका, निखाऱ्यावर कोरडं पडतं. अडीच सेंटीमीटरचे तुकडे करा आणि मध्ये कांद्याच्या पातीचा पांढरा दांडा घाला. तुकडे एकमेकांना चिकटून हवेत. मध्ये फट राहिली की तिथली काडी जळते. मोठा तुकडा टोकाला, लहान मुठीकडे. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा.

शेगडीवर जाळी नको, मांस जाळीला चिकटून फाटतं. दोन विटा दहा सेंटीमीटर अंतरावर उभ्या ठेवून मध्ये कोळसा भरा, काड्या विटांवर टेकवा. मूठ विटेच्या बाहेर राहते, म्हणून जळत नाही. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत वीसेक मिनिटं थांबा. घाई केली की धुराचा कडवट वास मांसात बसतो. चरबी पडून ज्वाळ उठली तर काड्या बाजूला सरकवा.

आता ‘तारे’, म्हणजे वरून लावायचा रस. जपानी कृतीत मिरिन हे गोडसर पेय असतं; इथे शाहूपुरीतला गूळ ते काम करतो. दोनशे मिली सोया सॉस, शंभर मिली पाणी, ऐंशी ग्रॅम फिकट पिवळा गूळ, आल्याचा तुकडा आणि पातीचा हिरवा भाग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं आटवा, मग गाळा. गुळातली खर तळाशी राहते, ती न गाळल्यास दाताखाली येते. चायनीजच्या गाड्यांवरचा काळा दाट सॉस वापरू नका, त्यातल्या कॅरमेलमुळे चव बिघडते.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: रस सुरुवातीलाच लावला जातो. गूळ आधी जळतो, आतलं मांस कच्चं राहतं. काड्या नुसत्याच भाजा, मांस आतपर्यंत शिजलं की रसात बुडवून अर्धा मिनिट परत निखाऱ्यावर, असं दोनदा. शाकाहारी मंडळींचं मशरूम आणि ढोबळी मिरची आधी भाजा, त्यांचा रसही वेगळ्या वाटीत काढून ठेवा. तिखटाची सवय असणाऱ्यांसाठी मिरची पूड बाजूला असू द्या, मसाला मात्र मांसाला चोळू नका.

पेय काहीही असो, कोकम सोडासुद्धा चालतो. पहिला घोट ‘कानपाई’ म्हणून सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, मग तो आपला भरतो.

शेवटी भात; बैठकीच्या अशा शेवटच्या पदार्थाला ‘शिमे’ म्हणतात. इंद्रायणी तांदूळ चिकट शिजतो, तो घ्या. घनसाळचा सुगंध रसावर मात करतो. गरम भाताचे ओल्या, मिठाच्या हातांनी घट्ट त्रिकोण वळा, उरलेल्या निखाऱ्यांवर आता जाळी टाका आणि दोन्ही बाजू कोरड्या होईपर्यंत हलवू नका. पापुद्रा धरल्यावरच रस लावा, आधी लावला तर भात सुटून कोळशात पडतो. काड्या बुडवलेला रस इथे वापरायचा तर आधी चांगला उकळून घ्या.