जनरलचं पत्र आणि पणजोबांचं कार्ड

ब्रिटिश जनरल टाउनशेंडनं बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं की माझा संताप होतो. जून १९१५, पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. त्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजननं तैग्रिस नदीवरून मुसंडी मारून तुर्कांकडून अमारा शहर घेतलं, आणि हा घरी कळवतो की, मी म्हणत होतोच, मला फक्त एक संधी हवी होती. गोरे आणि हिंदी शिपाई माझा कसा जयजयकार करत होते, ते तू बघायला हवं होतंस! सरकारी खलित्यांत फौज पुढे सरकते, शत्रू मागे हटतो, सेनापतीच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. बायकोपुढे मात्र तो मोकळा झाला.

त्याच डिव्हिजनमध्ये, ११०व्या मराठा पलटणीत, माझे पणजोबा होते. त्यांचं बसऱ्याहून आलेलं एकच कार्ड आमच्या लालबागच्या खोलीत, माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. मोडीत लिहिलेलं, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या हातचं. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. दादरच्या एका मोडी जाणणाऱ्या काकांनी भिंग लावून ते वाचून दाखवलं. सुखरूप आहे. बैल विकू नये. धाकट्याचं लग्न शिमग्यानंतर बघावं. इकडे ऊन फार. साहेबाबद्दल अवाक्षर नाही. कसं असणार? मजकूर दुसऱ्याला सांगायचा, आणि पुढे तो सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा.

मला सगळ्यात जास्त छळते ती पुढची गोष्ट. बगदाद घ्यायला फौज पुरेशी नाही, हे टाउनशेंडला कळत होतं. एका वरिष्ठ जनरलला त्यानं खाजगीत तसं लिहिलंही. तरी हुकूम आला आणि तो निघाला. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला चार हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. उरलेले मागे फिरून कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. आत घोडे कापून खायची पाळी आली, आणि सेनापती तारा करत होता स्वतःच्या बढतीसाठी! २९ एप्रिल १९१६ला शरणागती. त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेतच गेले. पणजोबाही परतले नाहीत.

काळा घोड्याच्या म्युझियमच्या इमारतीत तेव्हा लष्करी इस्पितळ होतं. तिथल्या खाटांवरूनही कितीतरी कार्डं गावी गेली असतील. तुमच्याकडे पणजोबा-खापरपणजोबांचं असं मोडी कार्ड पडून असेल, तर शाई उडायच्या आत कुणा जाणकाराकडून वाचून घ्या. जनरलची पत्रं छापून झालीत, आपल्या माणसांची अजून ट्रंकेतच आहेत.