ठाण्याचा किल्ला आणि लाल दोरा

आज ठाण्यात सातवीच्या मुलांकडून कालरेषा करून घेतली. दीड मीटर कागद, १७३० ते १८७०, एका वर्षाला एक सेंटीमीटर. वर आपल्याकडचं, खाली जगातलं.

पट्टी आधी आखून द्यायलाच हवी. नाहीतर मुलं सगळ्या घटना सारख्या अंतरावर चिकटवतात आणि वसईचा विजय (१७३९) ते बोरीबंदर-ठाणे रेल्वे (१८५३) ही ११४ वर्षं दिसतच नाहीत.

दुसरी चूक जास्त चिवट. शेजारी दिसलं की मुलं कारण जोडतात. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला (हो, आत्ताचं जेल!) मराठ्यांकडून घेतला, १७७५ मध्ये अमेरिकेत त्यांच्याविरुद्ध युद्ध पेटलं. काळ एक, पण पहिल्यातून दुसरं घडलं नाही. म्हणून नियम: ‘कशामुळे?’ एका वाक्यात सांगता आलं तरच त्या दोन घटना लाल दोऱ्याने जोडायच्या.

१८६१ ला दोरा नक्की लागतो. अमेरिकेत यादवी, तिथला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांनी मुंबईकडून घेतला, इथे पैशाचा पूर. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरवाले बुडाले. एका तासिकेला असे दोन दोरे पुरे. सनावळ्या पाठ नाही झाल्या तरी चालेल.